सगळ्यांनी, एकाच रात्री

मराठीत 'खरूज' हा आजाराचा शब्द कमी आणि शिवीचा जास्त आहे. केस गेलेलं कुत्रं खरजुलं असतं. शाळेत एखाद्या मुलाला वाळीत टाकायचं असेल तर त्याला 'खरजुल्या' म्हटलं की पुरतं. मुलाला ताप आला, गोवर आला, कांजिण्या आल्या की आपण शेजारी सांगतो, ऑफिसात सुट्टी मागताना सांगतो, फॅमिली ग्रुपवर टाकतो. खरूज झाली असं मात्र कोणी सांगत नाही. म्हणून ती कोणालाच झालेली नसते. सगळ्यांना 'ॲलर्जी' असते.

आमच्या घरातही तीन आठवडे ॲलर्जीच होती.

मी पुण्यात दादा-वहिनीकडे राहते. घरात आई आहे आणि चार वर्षांचा मल्हार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याला रात्री खाज सुटायला लागली. दिवसा खेळताना विशेष काही नाही, पण अंथरुणात शिरला की अर्ध्या तासात रडारड. पोटावर, काखेत, मनगटाशी बारीक लाल पुरळ. आधी दुधावर संशय गेला, मग नव्या साबणावर, मग डासांवर. आईनं कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घातली. खालच्या मेडिकलवाल्यानं 'खाजेची ट्यूब' दिली. ती लावल्यावर दोन दिवस खरंच बरं वाटलं, आणि तिसऱ्या दिवसापासून पुरळ दुप्पट जागी पसरलं.

अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. स्टिरॉइडनं लाली आणि खाज दबते, आजार आतल्या आत चालू राहतो. खरूज असो किंवा गजकर्ण, स्टिरॉइडखाली दोन्हींचा चेहरा असा बदलतो की नंतर डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. अशा बऱ्याच मलमांना 2018 मध्ये सरकारनं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही 'खाजेला काहीतरी द्या' एवढं म्हटलं की ट्यूब काउंटरवर येते.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोटावरचं पुरळ जेमतेम बघितलं. त्यांनी मल्हारची बोटं फाकवली आणि दोन बोटांच्या मधल्या बेचकीत भिंग धरलं. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला खाज येते?"

वहिनी म्हणाली, "नाही." तिच्या शेजारी बसलेला दादा तेव्हा घड्याळाच्या पट्ट्याखाली बोट घालून मनगट खाजवत होता.

*

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. नुसत्या डोळ्यांना तो फार तर एक ठिपका दिसेल. त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बीळ पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, साधारण दोन आठवड्यांत त्यातून पुढची पिढी तयार होते. हे ऐकल्यावर आपल्या अंगावर हजारो किडे फिरताहेत असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर दहा-पंधराच माद्या असतात. हा आकडा ज्या प्रयोगांतून आला ते विलक्षण होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खरूज फार पसरली होती, आणि सैन्याची सगळी मेहनत ब्लँकेटं भट्टीत घालून निर्जंतुक करण्यावर चालली होती. केनेथ मेलान्बी नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं 1941 मध्ये शेफील्डमध्ये काही तरुण जमवले. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले हे तरुण. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे ते अंगात घालत, त्यांच्या ब्लँकेटांत उघड्या अंगानं झोपत. बहुतेक प्रयोग फसले. कपड्यांतून खरूज क्वचितच लागली. ती लागली ती माणसाशेजारी माणूस रात्रभर झोपला तेव्हा. मेलान्बीनं माद्या मोजल्या, तर सरासरी अकराच्या आसपास निघाल्या.

म्हणजे खरजेचा घाणीशी संबंध आपण समजतो तेवढा नाही. तिला लागते ती जवळीक. जिथे मुलं मोठ्यांच्या कुशीत झोपतात, एका सतरंजीवर पाच जण आडवे होतात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, तिथे ती फिरते. आणि जिथे खोली एक आणि माणसं सहा, तिथे अशी जवळीक कोणी निवडलेली नसते. गरिबीत खरूज जास्त दिसते ती अंघोळीच्या सवयींमुळे नव्हे. वेगळं अंथरूण घालायला जागा नसते, म्हणून.

दुसरी गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली तेव्हा हसू आलं. खाज किड्याच्या चालण्यामुळे येत नाही. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध आपलं शरीर जी प्रतिक्रिया देतं तिची ती खाज असते. म्हणजे शब्दशः ॲलर्जी. आम्ही तीन आठवडे जो शब्द वापरत होतो तो अगदीच खोटा नव्हता, फक्त अर्धा होता.

पण याच अर्ध्या गोष्टीत सगळी गोम आहे. पहिल्यांदा खरूज झाली की शरीराला ही प्रतिक्रिया तयार करायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तेवढा काळ किडा अंगात असतो, माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्याला स्वतःला काहीही होत नसतं. म्हणून उपचाराची मुख्य अट औषधापेक्षा मोठी आहे: घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायचं. एक जण राहिला की पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. आमच्या कामात एखादी त्रुटी सगळ्या सर्व्हरवरून एकाच वेळी काढावी लागते, तसंच हे. फरक इतकाच की सर्व्हर 'मला कशाला?' असं विचारत नाही.

आईनं विचारलं. "मला काही होत नाहीये. मी कशाला अंगाला औषध फासून घेऊ?" चार-सहा आठवड्यांचं गणित सांगून उपयोग झाला नाही. मल्हार रोज दुपारी तिच्या कुशीत झोपतो, एवढं म्हटल्यावर ती उठली आणि तिनं हात पुढे केला.

शनिवारी रात्री आम्ही पाच जणांनी मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिनचं मलम लावलं. बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, काखेत, कापलेल्या नखांच्या खाली. मल्हारला हा खेळ वाटला. जुने कपडे घालून सगळे भुतासारखे घरात फिरत होतो. हात धुतले की तिथे पुन्हा लावायचं. सकाळी आंघोळ, मग चादरी, कपडे, टॉवेल गरम पाण्यात आणि उन्हात. पुण्यातल्या ऑगस्टमध्ये ऊन कुठलं, तर इस्त्रीनं भागवलं. मल्हारचा कापडी हत्ती धुता येण्यासारखा नव्हता, तो पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला. माणसाच्या अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. आठवड्यानं हेच सगळं पुन्हा, कारण पहिल्या फेरीतून एखादं अंडं वाचलेलं असू शकतं.

हा भाग सोपा होता.

*

अवघड भाग त्याच संध्याकाळी सुरू झाला होता. प्रश्न साधा होता: आली कुठून?

आमच्या घरी उत्तर प्रश्नाआधीच तयार होतं. मल्हारला सांभाळायला संगीताताई येतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. त्यांचं घर वस्तीत, एका खोलीत सहा माणसं. गेल्या दहा दिवसांपासून त्यांनाही खाज होती, वहिनीनं ती बघितली होती. आई म्हणाली, "तिथूनच आली असणार, दुसरीकडून कुठून येणार?" वहिनीनं संगीताताईंना फोन करून सांगितलं, काही दिवस येऊ नका, पगार कापणार नाही. त्यांनी कारण विचारलं. वहिनी म्हणाली, "मल्हारला ॲलर्जी झालीय, डॉक्टर म्हणाले जरा जपा."

एखादी चूक आज दिसली म्हणून आजचंच काम तपासायचं नसतं. ती कधी शिरली असेल ते बघायचं असतं. मी कॅलेंडर उघडलं. मल्हारची खाज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. चार ते सहा आठवडे मागे गेलं की जूनचा शेवट आणि जुलैची सुरुवात. जूनच्या शेवटी आमच्या मामेभावाचं लग्न होतं. कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये गाद्या टाकून सगळ्या नात्यातली डझनभर मुलं दोन रात्री एकमेकांवर तंगड्या टाकून झोपली होती. जुलैत मल्हारची बालवाडी सुरू झाली, तिथे दुपारी एकाच चटईवर झोप. संगीताताईंची खाज सुरू झाली ती पंधरा ऑगस्टनंतर, म्हणजे मल्हारच्या नंतर दोन आठवड्यांनी. त्यांना आधी खरूज झालेली नव्हती असं धरलं, तर किडा कोणत्या दिशेनं गेला असण्याची शक्यता जास्त, हे तारखाच सांगत होत्या.

मी ते सगळ्यांसमोर मांडलं. हा पुरावा नव्हे हेही सांगितलं, कारण खरजेत असं बोट ठेवून दाखवता येत नाही. कोणाचं शरीर लवकर बोलतं, कोणाचं उशिरा. दादा गप्प बसला. वहिनी म्हणाली, "म्हणजे आपण त्यांना दिली?" आई म्हणाली, "कोणी दिली हे आता कशाला उगाळायचं?" दुपारपर्यंत उगाळायचं होतं, संध्याकाळी नको झालं.

पण उगाळायचं नसलं तरी औषधाचा नियम तोच होता. संगीताताईंनी लावलं नाही तर त्या कामावर आल्यावर आमचं पहिलं पाढे पंचावन्न. आणि त्यांच्या घरच्यांनी लावलं नाही तर त्यांचं. एका मोठ्या माणसाला एक ट्यूब धरली, तर सहा माणसं, दोन फेऱ्या: बारा ट्यूब. आठवड्यानं दादा आणि मी त्या घेऊन त्यांच्याकडे गेलो.

मी तो शब्द उच्चारला. संगीताताईंनी पटकन उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे ॲलर्जी असते. आमच्याकडे झाली की तीच खरूज असते." त्या आणखी दोन घरी पोळ्या करतात. तिथे कळलं तर ती कामं गेली म्हणून समजा. आमच्या घरचं त्यांना मी सांगितलं, त्यांच्या घरचं कोणाला सांगायचं नाही हे त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्यांचं खरं नावही म्हणूनच इथे नाही.

दाराशी त्यांची सहा वर्षांची मुलगी बसली होती. तिच्या घोट्यांवर आणि बोटांत पिवळ्या खपल्या धरलेले पुवाळलेले फोड होते. खाजवून खाजवून झालेल्या जखमा.

*

खरजेनं कोणी मरत नाही, असं आपण समजतो. नखांनी त्वचा सोलली की तिच्यातून जंतू आत शिरतात, आणि दमट उष्ण हवेत ते पटकन वाढतात. त्यातला एक स्ट्रेप्टोकॉकस. त्वचेवरच्या या जंतूशी लढताना शरीराची जी झटापट होते तिचा फटका काही मुलांच्या मूत्रपिंडांना बसतो. फोड सुकायला लागलेले असतात, आई निर्धास्त झालेली असते, आणि तीनेक आठवड्यांनी मुलाचं तोंड सकाळी सुजलेलं दिसतं, लघवी काळ्या चहासारखी होते. बहुतेक मुलं यातून बरी होतात, सगळी नाही. त्रिनिदाद बेटावर 1971 च्या सुमारास मूत्रपिंडाच्या या आजाराची अशीच साथ आली होती. तिच्या मागे मुलांमधली खरूज निघाली.

संगीताताईंच्या मुलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोडांसाठी अँटिबायोटिक दिलं, रक्तदाब बघितला, लघवी तपासायला सांगितली आणि पुढचे काही आठवडे तोंडावर सूज येते का याकडे लक्ष ठेवा म्हणाले. रोज सकाळी संगीताताई मुलीचा चेहरा बघायच्या आणि मला मेसेज करायच्या: 'आज नाही.' असे बावीस मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत. तेविसाव्या दिवशी त्यांनी मेसेज केला नाही म्हणून मीच घाबरून फोन केला. त्या म्हणाल्या, "रिचार्ज संपला होता हो." मुलगी ठणठणीत आहे.

*

या काळात वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. खरजेमागे किडा आहे हे पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं 1687 मध्ये. इटलीतला जोव्हान्नी बोनोमो हा डॉक्टर आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्या यांनी किडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, त्याचं चित्र काढलं. पण त्यांना ही कल्पना सुचली कुठून? गरीब बाया आपल्या खरजुल्या पोरांच्या त्वचेतून टाचणीच्या टोकानं काहीतरी बारीक काढताना त्यांनी पाहिल्या होत्या. पुढची जवळपास दीडशे वर्षं बहुतेक डॉक्टर खरूज रक्तातल्या दोषामुळे होते असंच मानत राहिले. 1834 मध्ये पॅरिसमध्ये रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर सुईनं किडा काढून दाखवला तेव्हा वाद मिटला. तो कोर्सिका बेटावरचा. ही कला त्यानं पाहिली होती गावाकडच्या बायांकडेच.

आयांना माहीत होतं. त्यांचं कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आज औषधही आहे आणि पद्धतही. जपानच्या सातोशी ओमुरांनी मातीतून शोधलेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन तयार झालं. त्या कामासाठी त्यांना आणि विल्यम कॅम्पबेलना 2015 मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. फिजीच्या काही बेटांवर संशोधकांनी घरोघरी रुग्ण शोधत बसण्याऐवजी बेटावरच्या सगळ्यांना एकदम गोळ्या दिल्या. पंधरा किलोहून कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायांना गोळीऐवजी मलम. जिथे गोळ्या दिल्या तिथे वर्षभरात खरजेचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या खाली आलं. पुवाळलेले फोड दोन तृतीयांशांनी कमी झाले, त्यांच्यासाठी गावभर वेगळं काही वाटलेलं नसताना. जिथे फक्त रुग्णांना आणि त्यांच्या जवळच्यांना मलम दिलं होतं, तिथेही खरूज घटली, पण दर पाच-सहा माणसांत एकाला ती उरलीच. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. जगात कुठल्याही क्षणी वीस कोटींहून जास्त लोकांना ती असते, असा त्यांचा अंदाज आहे.

मला यातली आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट वाटते ती ही: सगळ्यांना दिलं की कोणाला आहे हे विचारावं लागत नाही. कोणी कोणाला दिली याची चौकशी उरत नाही. ज्या आजारात निम्मं दुखणं लाजेचं आहे, त्यात हा उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडच्या वसतिगृहांत, निवासी शाळांत, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीच्या तळांवर मुलं एकमेकांना चिकटून झोपतात. तिथे एका मुलाला बाजूला बसवून औषध लावणं म्हणजे त्याला दोनदा शिक्षा, आणि आजार तिथेच.

वहिनीनं बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर लिहायचं ठरवलं. मी शेजारी बसले होते. तिनं आधी 'स्किन प्रॉब्लेम' लिहिलं, खोडलं. 'ॲलर्जी' लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, 'मल्हारला खरूज झाली होती, आता उपचार पूर्ण झालेत. मुलं रात्री खाजवत असतील तर बोटांच्या मधे बघा.' ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. एकीनं विषय बदलून दहीहंडीचे फोटो टाकले. रात्री अकरापर्यंत वहिनीला खासगीत तीन जणींचे मेसेज आले होते. तिघींचा प्रश्न एकच, कोणते डॉक्टर?

संगीताताई दुसऱ्या फेरीनंतर कामावर आल्या. मल्हार पळत जाऊन त्यांच्या कडेवर चढला. वहिनी दारात क्षणभर घुटमळली, मग म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला नीट सांगितलं नाही." संगीताताई म्हणाल्या, "कळलं होतं मला." आणि आत जाऊन दूध तापत ठेवलं.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या शेजारणीचं पोर रात्रभर रडतं. भिंत पत्र्याची, सगळं ऐकू येतं. नळावर त्यांनी तिला विचारलं, काय होतंय गं पोराला? शेजारीण म्हणाली, "ॲलर्जी आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हटलं, आमच्याकडेपण तीच होती. दवाखाना दाखवते, चल. पण औषध सगळ्यांनी लावायचं. एकाच रात्री."